सेल्फ टेस्टचा संच: रिंग लाइट, स्टँड आणि कॉलर माइक

मालिकेत हवालदार, सरपंच, वकील, मुलीचा मामा अशी कामं करणाऱ्या नटाला आता पहिल्या ऑडिशनसाठी मुंबई गाठावी लागत नाही. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर संवाद येतात आणि सकाळपर्यंत घरीच केलेला ऑडिशनचा व्हिडिओ, म्हणजे सेल्फ टेस्ट, हवा असतो. जळगाव ते मुंबई रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. तेव्हा शिरपूर, शहादा, चोपड्याच्या नटासाठी ही फार मोठी सोय झाली. त्यासाठी जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये नि धुळ्याच्या आग्रा रोडवर सर्रास मिळणारा संच म्हणजे 10 इंची रिंग लाइट (गोल कड्यासारखा दिवा), 7 फुटी स्टँड, मोबाइल होल्डर आणि कॉलर माइक. बिनब्रँडचा माल साधारण हजार-बाराशेत येतो, वायरलेस माइक घेतला तर दोन हजारांपर्यंत.

सगळ्यात आधी लाइट, कारण घोळ इथेच होतो. मोबाइल गोलाच्या मधोमध अडकवला की उजेड थेट समोरून पडतो. कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांखालच्या पिशव्या, दोन दिवसांची दाढी, सगळं धुऊन निघतं. तरुण नायकाला ते चालेल, पण चरित्र नटाचं भांडवल तेच आहे. पन्नाशीचा तलाठी पस्तिशीचा दिसला तर व्हिडिओ पहिल्या पाच सेकंदांत बाजूला पडतो. शिवाय चष्मा असेल तर काचांवर दोन पांढरी कडी चमकतात.

म्हणून मोबाइल गोलातून काढा. लाइट एका बाजूला साधारण 45 अंशांवर, डोळ्यांपेक्षा हातभर उंच ठेवा. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोलचा शीट उभा करा, म्हणजे सावली काळीकुट्ट होत नाही. रंग मधला ठेवा, पिवळा किंवा निळसर नको. उजेड कमी करायचा तर बटणाने करू नका. स्वस्त लाइट मंद केला की कॅमेऱ्यात आडवे पट्टे फिरताना दिसतात. लाइट पूर्ण ठेवून दोन फूट मागे न्या.

हा लाइट 5 व्होल्टवर चालतो आणि त्याला 2 अँपिअर लागतात. जुन्या मोबाइलचा 1 अँपिअरचा चार्जर लावला तर तो मिणमिणतो. 10,000 एमएएचच्या पॉवर बँकेवर अंदाजे तीन तास निघतात, त्यामुळे वीज गेली तरी टेस्ट अडत नाही.

स्टँड हा या संचातला सगळ्यात कच्चा भाग. पूर्ण उंचीवर पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा कलतो आणि खटक्याचं लॉक हळूहळू खाली घसरतं. पाय पूर्ण फाकवून मधल्या दांड्याला दोन लिटर पाण्याची बाटली बांधा. संचात स्टँड एकच असतो, तेव्हा मोबाइलसाठी दुसरा लागणारच. तो घेताना काटकसर करू नये.

माइकबद्दल दुकानदार वायरलेसच पुढे करतो, पण मोबाइलला 3.5 मिमीचा जॅक असेल तर वायरचा माइक उत्तम. चार्जिंग संपण्याची भीती नाही आणि आवाज भरदार येतो. टाइप-सी रिसीव्हरवाला वायरलेस घ्यायचा तर दुकानातच तपासा: रेकॉर्डिंग सुरू करा, माइकवर नखाने टकटक करा, मग मोबाइलवर टकटक करा. मोबाइलवरचा आवाज मोठा आला तर माइक जोडलेलाच नाही. काही फोनमध्ये ओटीजी (मोबाइलला बाहेरचं उपकरण जोडू देणारी सोय) सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि वापर नसला की ते आपोआप बंद होतं. भर टेस्टमध्ये हे झालं तर अख्खा टेक वाया जातो. माइकवरचं आजूबाजूचा आवाज गाळण्याचं बटण बंदच ठेवा. ते चालू असलं की हळू बोललेले वाक्यांचे शेवट गिळले जातात आणि बोलणं डब्यातून आल्यासारखं वाटतं.

राज्य नाट्य स्पर्धेत, तमाशात किंवा वहीगायनाच्या लोककलेत तयार झालेला आपल्याकडचा गळा शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. तो या माइकला झेपत नाही, वरच्या पट्टीत आवाज फाटतो. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर बटणपट्टीला लावा, रागाचं वाक्य असेल तर आणखी चार बोटं खाली. इस्त्रीचा कडक सदरा आणि उपरणं घासतं, मंगळसूत्र आपटतं, ते आधी हलून बघा. आणि मे महिन्यात खान्देशात कूलरशिवाय बसवत नाही हे खरं असलं, तरी रेकॉर्डिंगच्या वेळी तो बंदच हवा. पहाटे किंवा रात्री दहानंतर शूट करावं.

मोबाइल आडवा, मागचा कॅमेरा, डोळ्यांच्या उंचीवर, चौकट कमरेपासून वर. चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा. ब्युटी मोड पूर्ण बंद. खोलीत ट्यूबलाइट असेल तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने ठरवता येतं) सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवा, नाहीतर भिंत लुकलुकते. समोरचे संवाद देणारा माणूस लेन्सला अगदी चिकटून बसावा आणि दबक्या आवाजात बोलावा. चांगली साथ देणारा माणूस मिळाला तर या संचातल्या निम्म्या उणिवा झाकल्या जातात, इतका फरक तो पाडतो. इंट्रोमध्ये नाव, वय, उंची, गाव, दोन्ही बाजूंचे चेहरे, तळहात. अहिराणी किंवा लेवा गणबोली येत असेल तर दोन वाक्यं बोलून दाखवाच.

व्हिडिओ व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साध्या व्हिडिओसारखा पाठवला की दाबला जातो आणि चेहऱ्यावरचे बारकावे जातात.

मालिकांचं मानधन बहुधा काम झाल्यावर 90 दिवसांनी हाती येतं. त्यामुळे सुरुवातीला वायरचा माइक, हाच 10 इंची लाइट आणि मोबाइलसाठी एक दणकट स्टँड एवढंच घ्यावं. 18 इंची लाइट या कामाला लागत नाही.