टीसीएल, हायपो, गोळ्या की गॅस? गावाच्या टाकीसाठी ठरवताना

कोठीचं कुलूप किल्लीने उघडेना, आतून गंजलं होतं. शेवटी शिपायाने दगडाने ठोकून काढलं. आत पाणी निर्जंतुक करायच्या टीसीएलची (ब्लीचिंग पावडरची) चार पोती, थेट फरशीवर. एकाचं तोंड सुतळीने बांधलेलं, त्याला टेकून जनरेटरच्या डिझेलचा कॅन, वरच्या फळीवर मंडपाचे पडदे आणि दाराशी संडास धुवायच्या अ‍ॅसिडच्या दोन बाटल्या. कपाटाची बिजागरी, पंख्याची पाती, झेंड्याच्या खांबाची कप्पी, सगळं तांबूस झालेलं. सरपंच ताई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "साहेब, ही कटकट बंद करून हायपो घ्यावा म्हणते. नाहीतर शेजारच्या गावासारख्या गोळ्या. काय घेऊ?"

हा प्रश्न मला वर्षातून दहा वेळा तरी येतो. सोसायट्यांचे सेक्रेटरीही विचारतात. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड या पट्ट्यात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले आणि बोट पाण्याकडे गेलं, तेव्हापासून जरा जास्तच. ताईंना जे सांगितलं तेच इथे मांडतो.

आधी एक समज काढून टाकू. यातलं एक "स्ट्राँग" आणि दुसरं "सौम्य" असं नसतं. टीसीएल असो, हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) असो, गोळी असो की सिलिंडरमधला गॅस, पाण्यात गेल्यावर जंतू मारणारा पदार्थ एकच, हायपोक्लोरस आम्ल. बदलतं ते माप. 50,000 लिटरची टाकी धरा. टीसीएलचा नेहमीचा हिशोब 1000 लिटरला 5 ग्रॅम, तोही 33 टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरीचा. म्हणजे 250 ग्रॅम. तेवढंच क्लोरीन 10 टक्क्यांच्या हायपोतून द्यायचं तर साधारण 800 मिली लागेल, 90 टक्के क्लोरीनच्या टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल) गोळ्यांतून 90 ग्रॅमच्या आसपास, गॅसमधून 80 ते 85 ग्रॅम. अर्ध्या तासाने नळाला 0.2 पीपीएम (लिटरला 0.2 मिलिग्रॅम) क्लोरीन उरलं की चारही पास.

नळावर फरक कळत नाही. कळतो तो टाकीत पडण्याआधी, जेव्हा हा माल पोत्यात, कॅनमध्ये किंवा सिलिंडरमध्ये असतो. हे सगळे ऑक्सिडायझर आहेत. स्वतः जळत नाहीत, पण जळणाऱ्याला हात देतात. जो गुण जंतूला मारतो तोच बिजागरी खातो, डिझेल लागलं तर तापतो आणि श्वासात गेला तर फुप्फुसही सोडत नाही. म्हणून मी आधी विचारतो: ठेवणार कुठे, आणि हात कोणाचा लागणार?

टीसीएलची बाजू

स्वस्त, तालुक्याला मिळणारं आणि जलसुरक्षकाच्या (गावात पाणी शुद्ध करणाऱ्याच्या) हातात बसलेलं. कॅन सांडला तर लोंढा येतो, पोतं फाटलं तर ढीग पडतो, आणि ढीग प्लास्टिकच्या फावड्याने भरता येतो. ही सोय कमी लेखू नका.

दुखणं दमटपणाचं. तोंड उघडं राहिलं की हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड क्लोरीन पळवून लावतात. पावसाळाभर उघडं राहिलेलं पोतं म्हणजे बहुतांशी चुना. ते 5 ग्रॅमच्या हिशोबाने टाकलं तर वहीत क्लोरिनेशन होतं, पाण्यात होत नाही. क्लोरोस्कोपमध्ये (पाण्यातलं क्लोरीन तपासायच्या संचात) ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकून पाणी पिवळं झालंच नाही, तर जलसुरक्षकावर ओरडण्याआधी पोत्यावरची तारीख बघा.

द्रावण करायची रीत साधी आहे आणि तिथेच चुका होतात. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी, मग पावडर थोडी थोडी, लाकडी काठीने ढवळायची. पावडरीवर पाणी ओतायचं नाही, ती तापते आणि उडते. अर्धा तास ठेवलं की चुना खाली बसतो. वरची निवळी टाकीत घ्यायची, गाळ नाही. वारा पाठीशी घेऊन उभं राहायचं. तोंडाला बांधलेलं उपरणं धूळ अडवतं, क्लोरीन नाही. हातात रबरी मोजे हवेत, पण मोज्यांपेक्षा मी चष्म्यासाठी भांडतो. डोळ्यात कण गेला तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं, पापणी उघडी धरून, आणि मग दवाखाना. लोक उलट करतात, आधी गाडी शोधतात.

एका गावचा प्रसंग डोळ्यांसमोरून जात नाही. पाऊस लागला होता, नदीचं पाणी चहासारखं आलेलं. जलसुरक्षकाला दोन कामं होती, तुरटी फिरवायची आणि टीसीएल टाकायचं. एक फेरी वाचावी म्हणून त्याने दोन्ही एकाच बादलीत घातलं. तुरटीचं द्रावण आम्लधर्मी असतं, आणि टीसीएलला आम्ल मिळालं की क्लोरीन वायू सुटतो. मी जिन्याखाली होतो. वरून आधी बादली आपटल्याचा आवाज आला, मग खोकला, मग तो कठडा धरून एकेक पायरी उतरताना दिसला, डोळ्यांतून धारा. तो बरा झाला. पण टाकीच्या उघड्या गच्चीवर होता म्हणून. तीच बादली बंद पंपघरात असती तर? तेव्हापासून मी दोन वेगळ्या रंगांच्या बादल्या घ्यायला लावतो आणि तुरटीचं पोतं टीसीएलच्या खोलीत ठेवू देत नाही. संडासचं अ‍ॅसिड तर अजिबात नाही.

आगीबद्दल. टीसीएलला तेल, ग्रीस, डिझेल, रंग, साखर, लाकडाचा भुसा असलं काही मिसळलं की मिश्रण आपोआप तापू शकतं आणि पेटूही शकतं. सांडलेली पावडर गोणपाटाने पुसून ते गोणपाट कचऱ्यात टाकणं हेही त्यातच आलं. आता भिंतीवर लटकलेला आग विझवायचा लाल सिलिंडर बघा. बहुतेक कार्यालयांत एबीसी पावडरचा असतो. त्या पावडरीत अमोनियमचे क्षार असतात आणि त्यांचं क्लोरीनच्या या पदार्थांशी जमत नाही. टीसीएल पेटलं तर ते नळकांडं उचलायचं नाही. भरपूर पाणी, तेही लांबून. तांब्याभर पाण्याने उलट धूर वाढतो. ऑक्सिजन माल स्वतःच पुरवतो, त्यामुळे वर गोधडी टाकून गुदमरवायचा उपायही चालत नाही.

हायपो

सोडियम हायपोक्लोराइट, निळे कॅन. ढवळणं नाही, गाळ नाही, डोझिंग पंपाला लावलं की थेंब थेंब पडत राहतं. ज्या योजनेत वीज आणि पंपाची देखभाल दोन्ही बरी आहेत तिथे माझं मत हायपोलाच. पावडर उडत नाही, त्यामुळे डोळे आणि नाक सुटतात. आग लावायच्या बाबतीतही टीसीएलपेक्षा कमी खोडकर. वाहतुकीत तर त्याची गणना ऑक्सिडायझरमध्ये नाही, दाहक पदार्थांत होते.

पण तो नाशवंत आहे, दुधासारखा. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलात तर दोन-तीन महिन्यांत ताकद निम्म्यावर येऊ शकते, आणि कॅनकडे बघून काहीच कळत नाही. जुना होताना त्यात क्लोरेट तयार होतं, ते पिण्याच्या पाण्यात वाढलेलं चांगलं नाही. म्हणजे जुना हायपो "जरा जास्त टाकून" वापरणं हा उपाय नव्हे. वर्षाचा साठा एकदम घेऊन दर पाडून घ्यायची पंचायतींची सवय इथे महागात पडते. महिन्याला लागेल तेवढाच घ्या, बिलावर उत्पादनाची तारीख मागा. विक्रेता तारीख देत नसेल तर विक्रेता बदला.

कॅनचं झाकण वायू बाहेर सोडणारं हवं, कारण हायपो हळूहळू ऑक्सिजन सोडत राहतो. झाकण घट्ट फिरवून उन्हात ठेवलेला कॅन फुगतो, आणि फुगलेला कॅन उघडणाऱ्याच्या तोंडावर उडतो. लोखंड, तांबं, पितळ यांचा स्पर्श नको, धातू त्याचं विघटन वाढवतो. खाली प्लास्टिकचा ट्रे ठेवा, गळती त्यात राहील. अ‍ॅसिडचा नियम इथेही तोच, उलट इथे जास्त कडक, कारण दोन द्रव क्षणात मिसळतात. हायपोच्या रिकाम्या कॅनमध्ये अ‍ॅसिड भरून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत.

नावावरून एक गंमत. जुने फोटोग्राफर "हायपो" म्हणतात ते सोडियम थायोसल्फेट, आणि ते तर उलट पाण्यातलं क्लोरीन नाहीसं करतं. तालुक्याच्या दुकानात नुसतं "हायपो द्या" म्हणू नका, पूर्ण नाव सांगा.

गोळ्या

ताईंना गोळ्यांचं आकर्षण होतं आणि ते समजण्यासारखं आहे. तरंगणाऱ्या डबीत टाकली की विसरून जा. पण बाजारात गोळ्या दोन घराण्यांच्या. एक पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेल्या, बहुधा एनएडीसीसीच्या (सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेट). पूर आला, लाइन फुटली, टँकर आला की त्यांच्यासारखं सोयीचं काही नाही. दुसऱ्या टीसीसीएच्या, पांढऱ्या जाड चकत्या, मुळात पोहण्याच्या तलावासाठी. शेजारच्या गावात टाकतात त्या मी डबा मागवून पाहिल्या, तलावाच्याच निघाल्या. डब्यावर पिण्याच्या पाण्यासाठी असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर टाकीत टाकायच्या नाहीत.

साठ्याचा धोकाही या चौघांत वेगळ्या जातीचा. टीसीसीएच्या मोठ्या ढिगावर थोडं पाणी पडलं की तो तापतो, विघटन पावतो आणि क्लोरीनचा लोट सुटतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या कॉनियर्स गावी 29 सप्टेंबर 2024 ला अशा गोदामात आग विझवायच्या फवाऱ्याचंच पाणी मालावर पडलं, आणि सुमारे 17,000 लोकांना घरं सोडावी लागली. त्याआधी 2020 च्या ऑगस्टमध्ये लुइझियानात वादळाने छप्पर उडालं, पाऊस आत आला, तेच झालं. गावात एवढा ढीग कधीच नसतो. पण आपल्याकडे पत्रा गळतो आणि डबा त्याच्याच खाली असतो. दुसरं म्हणजे गोळीचा डबा आणि टीसीएलचं पोतं एका खोलीत नको, आणि दोघांसाठी एकच माप कधीच नको. हे दोन क्लोरीनवाले एकमेकांत मिसळले तर स्फोटापर्यंत जाऊ शकतं. "दोन्ही क्लोरीनच ना?" हा मला सर्वात घाबरवणारा प्रश्न आहे.

गॅस आणि मिठाचं यंत्र

गॅसवर फार वेळ घालवत नाही. शहराच्या मोठ्या शुद्धीकरण केंद्रासाठी तो परवडतो, तिथे शिकलेले ऑपरेटर, गळतीचे सेन्सर, श्वसनयंत्रं असतात. गावासाठी नाही. क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड, तो जमिनीलगत सखल भागात साचतो. गळती झाली तर खाली वाकून लपायचं नाही, वाऱ्याच्या उलट आणि चढाकडे निघायचं. 2010 च्या जुलैत मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरावर वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन सुटला आणि अनेकांना दवाखान्यात न्यावं लागलं. कोणाचंच लक्ष नसलेला सिलिंडर. आपल्या पंचायतींत कोणाचंच लक्ष नसलेल्या वस्तू किती असतात, ते मी कशाला सांगू?

मीठ आणि विजेवर जागेवरच पातळ हायपो बनवणारी यंत्रं आता मिळतात. द्रावण एक टक्क्याच्या आत असतं, साठवायचा धोका जवळजवळ संपतो. त्यातून हायड्रोजन निघतो, त्याची नळी छताबाहेर काढलेली हवी. भारनियमन आणि बिघडल्यावर मेकॅनिक कुठून येणार, हे दोन प्रश्न सुटत असतील तर जरूर बघा.

ताईंच्या गावाचं काय ठरलं? डोझिंग पंप नाही, वीज बेभरवशाची, जलसुरक्षक बारा वर्षं टीसीएल हाताळणारा. म्हणून टीसीएलच. फक्त चाराऐवजी एकच पोतं, झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये, विटांवर ठेवलेल्या फळीवर, तारीख खडूने भिंतीवर. पावसाळ्यासाठी पिण्याच्या पाण्याच्या गोळ्यांचा एक डबा, तो कार्यालयाच्या कपाटात, कोठीत नाही. डिझेल जनरेटरच्या शेडमध्ये गेलं, अ‍ॅसिड संडासाच्या मागच्या कोनाड्यात, पडदे मंडळाच्या पोरांनी नेले. खोलीला वर-खाली दोन झरोके पाडले.

परवा पुन्हा गेलो तर कोठीला नवं कोरं कुलूप होतं. लोखंडीच आणलं होतं.