विलगीकरण खोलीतील हेपा यंत्र : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या तीस खाटांच्या रुग्णालयात क्षयरोग, गोवर आणि कांजिण्यांच्या रुग्णांसाठी एक खोली राखून ठेवलेली आहे, आणि तिच्यासाठी आठ महिन्यांपूर्वी आम्ही चाकांवरचे हेपा यंत्र, म्हणजे हवेतील बारीक कण फिल्टरने गाळणारे यंत्र, घेतले. फिल्टरविषयी तक्रार नाही, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा हा फिल्टर चाचणीच्या प्रमाणपत्रासह आला. तक्रार आहे ती माहितीपत्रकातील एका आकड्याविषयी.

‘ताशी ६०० घनमीटर हवा’ असे त्यात छापले आहे. आमची खोली ४२ घनमीटरची आहे, त्यामुळे तासाला १२ वेळा हवा बदलण्याच्या निकषाला ५०४ घनमीटर पुरतात. मात्र हा आकडा सर्वांत वरच्या वेगाचा आहे आणि त्या वेगात यंत्र इतके घरघरते, की रुग्णाचा डोळा लागत नाही. रात्रपाळीच्या सिस्टर मग मधला वेग लावतात, आणि त्यांना बोल लावता येत नाही. त्या वेगात हवा निम्म्यावर येते, म्हणजे तासाला जेमतेम सात वेळा बदलते. रुग्ण गेल्यावर हवेतील ९९ टक्के कण निघून जाण्यास १२ वेळांच्या हिशेबाने सुमारे २३ मिनिटे लागतात, तर ७ वेळांच्या हिशेबाने सुमारे ४०. तोवर पुढचा रुग्ण बाहेर ताटकळतो.

दुसरी गोष्ट बसवण्याची. विक्रेत्याच्या माणसाने यंत्र खोलीच्या मधोमध ठेवले, बटण दाबले आणि ‘झालं, मॅडम, निगेटिव्ह प्रेशर’ असे जाहीर केले. म्हणजे खोलीतील दाब बाहेरपेक्षा कमी, जेणेकरून हवा दाराच्या फटीतून आत ओढली जाते, बाहेर जात नाही. मी दाराच्या फटीशी उदबत्ती धरली, तर धूर सरळ वर गेला. यंत्राने ओढलेली हवा खोलीतच सोडली तर ती स्वच्छ होते, पण खोलीतील दाब उतरत नाही. (स्प्लिट एसीची गतही तीच, तो तर ताजी हवाही आणत नाही.) अखेर खिडकीच्या एका तावदानाजागी पत्रा बसवून यंत्राची हवा बाहेर नेणारा डक्ट (नळ) काढला. तरीही दाबातील फरक मोजणारा मॅनोमीटर उणे १ पास्कलच दाखवत होता. फॉल्स सीलिंगमधील दिव्यांभोवतीच्या फटी सिलिकॉनने बुजवल्या तेव्हा कुठे तो उणे ६ वर आला. किमान २.५ पास्कलचा फरक लागतो. यातील एकही काम कोटेशनमध्ये नव्हते.

दुसऱ्या खोलीसाठी याच कंपनीचे मोठे यंत्र घेणार आहोत, कारण फिल्टर खरोखर चांगला आहे. फक्त या वेळी मधल्या वेगाचा आकडा लेखी मागितला आहे आणि उदबत्तीचा धूर आत ओढला जाईपर्यंत बिल मंजूर होणार नाही, हेही कळवले आहे.