सागरी महामार्गावर सायकल: एका हंगामानंतरचा अनुभव

रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग कागदावर पाचशेच्या आसपास किलोमीटरचा. गणपती आटोपून पाऊस ओसरला तेव्हापासून मे महिन्यापर्यंत मी तो तुकड्यातुकड्यांनी केला, आवडलेले तुकडे पुन्हापुन्हा. राहायला रत्नागिरीत, त्यामुळे शनिवारी पहाटे निघायचं आणि रविवारी रेल्वेनं नाहीतर एसटीनं परतायचं, असा शिरस्ता. रोज किती किलोमीटर धरायचे, हा प्रश्न मला सगळे विचारतात. माझं उत्तर असं की इथे किलोमीटर मोजू नका, खाड्या मोजा आणि सडे मोजा.

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट, हा समज घाटावरून येणाऱ्यांचा हमखास असतो. वस्तुस्थिती उलट आहे. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, मुचकुंदी, वाघोटन अशा नद्यांनी जांभ्याचा कातळ चिरत खाड्या केल्यात आणि दोन खाड्यांच्या मधे उरलाय तो सडा. रस्ता खाडीकाठच्या गावातून आंबा-काजूच्या बागांमधून वळणं घेत सड्यावर चढतो, वर दोन-चार किलोमीटर उघड्या कातळावरून सरळ जातो आणि पुढच्या खाडीत धाडकन उतरतो. मग परत तेच. चढ सह्याद्रीतल्या घाटाइतके लांब नाहीत, पण उभे आहेत आणि संपत नाहीत. साठ किलोमीटरच्या दिवसात हजार मीटरच्या आसपास चढाई सहज भरते.

म्हणून सायकलचं सगळ्यात महत्त्वाचं अंग म्हणजे खालचा गिअर. माझी साधी अॅल्युमिनियमची हायब्रीड आहे, पुढे ४८-३८-२८ अशा तीन चकत्या, मागे आठ. कंपनीनं मागची मोठी चकती ३२ दातांची दिली होती, ती काढून मी ११-३४ची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बसवून घेतली. २८ला ३४ म्हणजे एका पायडल-फेरीत सायकल पावणेदोन मीटरपेक्षा जराशी जास्त सरकते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी साडेसहा किलोमीटर, चालण्यापेक्षा थोडंच बरं. हसू येईल, पण मागे कॅरियरला सात-आठ किलोचं सामान बांधून धोपाव्याच्या धक्क्यावरून वर येताना हाच गिअर कामाला येतो. हलक्या रोडबाइकवाल्यांना तिथे उतरून ढकलताना पाहिलंय. पंधरा-वीस हजार सायकल हलकी करण्यात घालण्यापेक्षा ही कॅसेट बसवा. खर्च त्यापुढे किरकोळच.

चढाइतकाच उताराचा विचार करावा लागतो. मेकॅनिकल डिस्क ब्रेक आहेत, कुरकुर करतात पण भरवशाचे आहेत. तवसाळला जेटीकडे उतरताना रस्ता अरुंद, वळण आंधळं आणि कडेला जांभ्याची बारीक खडी. दोन्ही ब्रेक आळीपाळीनं दाबत उतरलो की खाली पोचेपर्यंत लिव्हर हँडलच्या जरा जवळ आलेली असते. तिथेच फेरीबोटीची वाट बघता बघता केबलचा अॅडजस्टर दोन आटे फिरवून घ्यायचा, ही आता सवयच झालीय. एका हंगामात मागचे पॅड बदलावे लागले. रिम ब्रेकवाल्या मित्राचे त्याहून आधी गेले, कारण पावसाच्या शेवटाला लाल चिखल रिमला चिकटतो आणि पॅड कानसल्यासारखा झिजतो.

आता फेऱ्यांबद्दल. उत्तरेकडचा अर्धा रस्ता यांच्यावरच चालतो: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. गावात कुणी 'जंगल जेटी' म्हणतं, कुणी नुसतं 'फेरी'. सायकलचं भाडं नाममात्र आणि चढवायला कुणाची मदत लागत नाही, ही मोटारवाल्यांवर केलेली मातच. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे शेवटची फेरी किती वाजता ते आदल्या खाडीलाच विचारून घ्यायचं. चुकलात तर खाडीला वळसा घालून आत हायवेच्या बाजूला जाण्यात अख्खा दिवस मोडतो. आणि ओहोटीला धक्क्याच्या उताराचा खालचा भाग उघडा पडतो, त्यावर हिरवं बुळबुळीत शेवाळ असतं. तिथे सायकलवरून उतरायचं, पायडलला अडकणारे क्लिटचे बूट असतील तर ते काढायचे आणि सायकलला पाण्याच्या नाही, धक्क्याच्या आतल्या बाजूला धरून चालायचं. बोटीवर सायकल कठड्याला टेकवली की दोरीनं बांधा. खलाशी काही बोलत नाहीत, पण बोट धक्क्याला टेकते तेव्हा चांगलाच झटका बसतो.

सागरी महामार्गाच्या नव्या पुलांची कामं निघालीत. मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून ऐकू येणारा रेवस-करंजा पूलसुद्धा त्यात आहे. पूल झाले की वेळ वाचेल, त्याबद्दल तक्रार नाही. पण भरउन्हात सड्यावरून उतरल्यावर खाडीतल्या वाऱ्यात मिळणारी ती पंधरा-वीस मिनिटांची बसकण जाईल, याचं मला वाईट वाटणार आहे. स्वार्थी मत आहे, मान्य.

फोनवरच्या नकाशावर आंधळा भरवसा नको. जवळचा रस्ता म्हणून तो कधीकधी सरळ पाखाडीवर आणून सोडतो. जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगे आणि खाली कुणाची तरी विहीर. सायकल खांद्यावर घेऊन उतरायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. खाडीच्या बेचक्यात रेंज जाते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि फाट्यावर माणसाला विचारा. राज्य महामार्गाचे हिरव्या डोक्याचे मैलाचे दगड जिथे शाबूत आहेत तिथे ते नकाशापेक्षा जास्त खरं बोलतात. देवगडच्या पुढे तर विचारायचीही गरज पडत नाही, लोकच थांबवतात. आचऱ्याच्या अलीकडे एका आजींनी वाट अडवूनच विचारलं, "खंयसून इलास रे?" रत्नागिरी म्हटल्यावर सायकलकडे एकवार बघितलं आणि म्हणाल्या, "एसटी बंद आसा काय?" मग पाणी दिलं, वर कोकमाचं आगळ घातलेलं, मीठ-साखर बरोबर बेताची. इलेक्ट्रॉलच्या पुड्या मी तेव्हापासून घेतच नाही. सकाळी कुठे उकड्या तांदळाची पेज मिळाली तर पोह्यांपेक्षा ती घ्या, दुपारपर्यंत पोटाला त्रास देत नाही.

उन्हाबद्दल थोडक्यात सांगायचं तर फेब्रुवारीनंतर अकरा ते तीन सड्यावर असू नका. तिथे झाड नाही, टपरी नाही, आणि तापलेला कातळ खालूनही भाजतो. मात्र सकाळचा सडा सोडू नका. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला भलामोठा हत्ती आहे. तिरप्या उन्हात त्याच्या रेषा उठून दिसतात, दुपारी तोच सपाट होऊन जातो. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. मोटारीतून जाणाऱ्यांना बाजूला असं काही आहे याचा पत्ताही लागत नाही.

गंजाची बाजू सगळ्यात कंटाळवाणी, पण सांगायला हवी. खारा वारा चेन खातो. कोरड्या हवेचं वंगण इथे दोन दिवसही टिकत नाही, ओल्या हवेचं घट्ट तेल वापरा आणि वरचं फडक्यानं पुसून काढा, नाहीतर लाल धूळ चिकटून तेलाचा चेन घासणारा लेप होतो. परत आल्यावर गोड्या पाण्यानं धुणं सक्तीचं. चेन झिजली की नाही ते पट्टीनं मोजता येतं: पिनेपासून पिनेपर्यंत चोवीस अर्ध्या कड्या नव्या चेनवर बरोबर १२ इंच भरतात, १२ आणि एक-षोडशांश झाल्या की बदलायची, नाहीतर कॅसेटही जाते. माझी मार्चमध्येच तिथवर आली होती. बाटलीच्या पिंजऱ्याचे साधे स्क्रू गंजून अडकतात, तेव्हा सुरुवातीलाच स्टेनलेसचे लावा. आणि गुहागर नाहीतर दिवेआगरची ओली पुळण कितीही बोलावत असली तरी तीवर सायकल घालू नका. वाळू आणि मीठ हबच्या बेअरिंगमध्ये गेलं की दुकानदारच खूश होतो.

रस्त्याचा कुठला भाग चांगला? अलिबाग ते मुरूड सुट्टीच्या दिवशी करू नये, काशीदच्या आसपास मोटारींची रांग आणि हॉर्न. रेवदंड्याचा पूल तर श्वास रोखूनच पार करायचा. श्रीवर्धनच्या अलीकडचा शेखाडीचा पट्टा मात्र समुद्राला खेटून जातो, उत्तरेत माझा सगळ्यात लाडका. जयगडला बंदराच्या रस्त्यावर ट्रेलर असतात, तिथे भल्या पहाटे नाहीतर नाहीच. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला येताना आरे-वारेचा रस्ता सगळे ओळखतात, त्यावर लिहीत नाही. पूर्णगडाच्या दक्षिणेला आडिवरे, कशेळी, जैतापूर, विजयदुर्ग हा टप्पा कमी गर्दीचा आणि माझ्या मते सगळ्या वाटेचा जीव आहे. फक्त परतीचं गणित आधी मांडा, कारण रेल्वे स्टेशनं समुद्रापासून बरीच आत आहेत. मालवणहून कुडाळ तीसेक किलोमीटर, देवगडहून रूळ त्याहून लांब. रेल्वेत सायकल पार्सल ऑफिसात नोंदवून ब्रेक व्हॅनमधून न्यावी लागते, तेव्हा गाडीच्या निदान तासभर आधी पोचा. एसटीचं सगळं वाहकाच्या मर्जीवर.

शेवटच्या टप्प्यात वेंगुर्ल्यापासून शिरोड्यापर्यंत जायलाच हवं. शिरोड्यात मिठागरं आहेत, १९३०चा मिठाचा सत्याग्रह इथेही झाला होता. पुढे रेडीकडे खनिजाचे डंपर आणि धूळ. महामार्ग 'पूर्ण' केल्याचा फोटो हवा असेल तर जरूर जा. मी मात्र पुढच्या खेपेला शिरोड्यालाच डावीकडे वळून मळेवाडमार्गे मळगावचं सावंतवाडी रोड स्टेशन गाठणार.