गुहागर तालुक्यातल्या 'आजीवन निवासा'त आमचे 4,30,500 रुपये गेले

रक्कम आधी लिहिते, कारण सगळे तेच विचारतात. अनामत 3,50,000, 'साहित्य निधी' 25,000 आणि महिना 18,500 प्रमाणे तीन महिने.

धाकटा भाऊ 36 वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. आई गेली, माझी नोकरी चिपळूणला, म्हणून दिव्यांगांना कायमचं ठेवून घेणाऱ्या या निवासात त्याला ठेवला. 'टाकून दिलास' म्हणणाऱ्यांनी त्याला आठवडाभर सांभाळून दाखवावं.

जागा बघायला गेले तेव्हा चिऱ्याची इमारत, मागे माड, आणि सगळी 'मुलं' (चाळिशीचे बाप्येसुद्धा तिथे मुलंच) डोक्याला तेल लावून ओळीत बसवलेली. एकाला विचारलं, "जेवलास काय रे?" उत्तर संचालकांनी दिलं, "जेवलाय ताई, आज बांगडे होते." दुसऱ्याला नाव विचारलं, तेही त्यांनीच सांगितलं. तिथूनच उठायला हवं होतं! दुपारी चारला स्वयंपाकघराला कुलूप. "गॅस असतो ना, ताई." कुणालाही पटलं असतं. माझा भाऊ घरी स्वतः चहा करायचा, नारळ खवायचा. तीन महिन्यांनी परत आणला तर पाणी प्यायलाही विचारायला लागला.

भिंतीवरचं प्रमाणपत्र बघितलं नव्हतं का? बघितलं होतं! ते ट्रस्टच्या नोंदणीचं. दिव्यांगांची संस्था चालवायला 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते. तीच मागा, क्रमांक लिहून घ्या.

पोलीस म्हणाले, "पैसे तुम्हीच दिलेत ना? दिवाणी मामला." दुसऱ्या कार्यालयात साहेब म्हणाले, संस्था नोंदणीकृत नाही, म्हणून आमच्या अखत्यारीत येत नाही. म्हणजे नोंदणी न करणं हाच बचाव! अर्जाची पोच मागितली तर शिक्का असलेला माणूस रजेवर, मग गणपती, मग निवडणुकीची कामं. आणि या कायद्याचा भंग केला तर पहिल्या वेळी दंड जास्तीत जास्त 10,000 रुपये. आमच्या एका महिन्याच्या पैशांत तो भरून वर 8,500 उरतील.

अनामतीची पावती 'देणगी' म्हणून फाडली होती. ती तशी घेऊ नका, त्यांचा वकील तेवढंच धरून बसतो.

न कळवता जा, जेवणाच्या वेळी. कपाट उघडून त्यात त्याचेच कपडे आहेत का बघा. रात्री कोण असतं ते विचारा. आमच्याकडे एक राखणदार होता, बस्स. आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मूळ देऊ नका. आमचं त्यांच्याच कपाटात आहे आणि फाटकावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी आहे.