घरी बांधलेली ‘सेव्हन’: किट कसं निवडलं, आणि इतके महिने चालवल्यावर काय वाटतंय

गेल्या वसंतापासून मी आमच्या गॅरेजमध्ये बांधलेली गाडी चालवते आहे. लोटस या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या ‘सेव्हन’ स्पोर्ट्स कारच्या धाटणीची, दोनच सीट, दारं नाहीत, पुढच्या चाकांवर सुटे मडगार्ड. आम्ही इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतो. किट, म्हणजे गाडीच्या सुट्या भागांचा संच, आणून घरी गाडी बांधणं हा इथे जुना, रुळलेला छंद आहे, त्यामुळे माहिती विचारायला माणसं मिळतात. मराठीत मात्र याबद्दल फारसं वाचायला मिळत नाही आणि ओळखीतले बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. रेप्लिका, म्हणजे जुन्या गाडीची नक्कल, बांधायचं किट शोधताना आपण फोटो बघून गाडीच्या प्रेमात पडतो. पण आपण पैसे मोजतो ते गाडीसाठी नाही, वर्ष-दीड वर्षाच्या कामासाठी. त्यातलं कुठलं काम कारखान्याने करून दिलंय, कुठलं आपल्या अंगावर आहे, आणि शेवटी नंबर प्लेट कोणत्या वाटेने मिळणार, या तीन प्रश्नांवर किट निवडावं. रूप त्यानंतर.

माझ्या यादीत तीन गाड्या होत्या. पहिली अर्थातच कोब्रा. १९६२ मध्ये अमेरिकी रेसर कॅरोल शेल्बी यांनी इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या ‘एस’ गाडीत फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवलं आणि ही गाडी जन्मली. मूळ गाड्या हजाराच्या आसपासच बनल्या, त्यामुळे आज रस्त्यावर दिसणारी जवळपास प्रत्येक कोब्रा रेप्लिकाच असते. तिच्यासमोर उभं राहिलं की पाय निघत नाही, हे खरं. पण तिची फायबरग्लासची बॉडी मोठी आणि गोलाईदार. साचे जिथे जुळतात त्या रेषा घासायच्या, दारं-बॉनेटच्या फटी सारख्या करायच्या, मग रंग. हे काम एकतर महिनोन् महिने स्वतः करायचं किंवा पेंटरला भरभक्कम पैसे द्यायचे. त्यात व्ही-८ इंजिन, गिअरबॉक्स आणि तेवढी ताकद सोसणारा डिफरेन्शियल (इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरसंच) यांचा खर्च किटच्या बाहेर. आमचं गॅरेज एका गाडीचं. कोब्रा आत गेली असती, पण तिच्या बाजूने माणूस फिरला नसता.

दुसरी पोर्शे ३५६ स्पीडस्टरची रेप्लिका, फोक्सवॅगन बीटलच्या पायावर बांधलेली. यांत्रिकदृष्ट्या सर्वांत साधी. पण अनेक किटमध्ये बीटलचा फ्लोअरपॅन, म्हणजे तळाचा पत्रा, कापून आखूड करावा लागतो, आणि ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये नियम बदलेपर्यंत मूळ चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, कापली की गाडीची जुनी ओळख टिकत नसे. डीव्हीएलए, म्हणजे इथलं वाहननोंदणी खातं, अशा गाडीला नव्याने तपासणी करायला लावायचं आणि ‘क्यू’ने सुरू होणारा नंबर देऊ शकायचं. ‘क्यू’ नंबर म्हणजे गाडीचं वय किंवा मूळ ठरवता येत नाही, असा जाहीर शिक्का. विम्याला आणि विक्रीला तो आड येतो.

तिसरी सेव्हन, आणि तिचा तर जन्मच घरी जोडण्यासाठी झालेला. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी ती १९५७ मध्ये आणली. तयार गाडीवर तेव्हा ब्रिटनमध्ये परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. म्हणून कमी पैशांत स्पोर्ट्स कार हवी असलेली तरुण मंडळी खोकी घरी आणून गाडी जोडत. १९७३ मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला आणि किटचा तो फायदा संपला. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीला दिले. केटरहॅम आजही ती बनवते, किटमध्येही देते. त्याच आराखड्यावर इतर छोट्या कंपन्यांनीही आपापल्या गाड्या काढल्या. माझी त्यांपैकी एक. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण इथला मुद्दा कंपनीचा नसून निवडीचा आहे.

केटरहॅमच का नाही, हा पहिला प्रश्न येतो. तिचं किट फार नीटनेटकं असतं, बरेचसे भाग नवे आणि एकमेकांत बसतील असेच. ज्यांना थोड्या आठवड्यांत गाडी हवी आहे त्यांनी तेच घ्यावं, मी बिनदिक्कत सांगेन. मला मात्र जुन्या गाडीचं इंजिन उतरवून, धुऊन-पुसून, पुन्हा उभं करायचं होतं. माझ्या बाबांचं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. कानशीचा आणि कटिंग ऑइलचा वास मला लहानपणापासून आवडतो. तयार चकचकीत भाग जोडून माझं समाधान झालं नसतं.

डोनर, म्हणजे जिचे भाग काढून किटमध्ये वापरायचे ती जुनी गाडी, म्हणून माझदा एमएक्स-५ घेतली. ही निवड किटइतकीच महत्त्वाची आहे. एमएक्स-५ ला पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना ड्राइव्ह, म्हणजे सेव्हनला हवी तशीच रचना. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरेन्शियल, हब, ब्रेक, स्टीअरिंग रॅक सगळं एकाच गाडीतून मिळतं. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्याने या गाड्यांचे दाराखालचे पत्रे आणि मागच्या चाकांवरच्या कमानी गंजून जातात, आणि इंजिन ठणठणीत असलेल्या गाड्या भंगाराच्या भावात निघतात. आपल्याला बॉडी नकोच असते. दोन गोष्टी बघा. अगदी सुरुवातीच्या १.६ इंजिनांत क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, पुढच्या टोकाशी पाचर बसते ती खाच झिजण्याचा रोग आहे, म्हणून १९९१ च्या मध्यानंतरचं इंजिन घ्या. शक्य असेल तर १९९३ नंतरचं १.८ घ्या, सुमारे १३० अश्वशक्तीचं. आणि गाडी चालू स्थितीत, कागदपत्रांसह घ्या. किटची नवी चेसिस आणि एकाच डोनरचे दोन मोठे भाग असं दाखवता आलं तर डोनरच्या वयानुसार नंबर मिळू शकतो. सुट्या भागांच्या दुकानातून इकडून तिकडून जमवलेल्या इंजिन-गिअरबॉक्सला ही वाट नाही.

आता किट. कारखान्यात जाऊन बघायला पर्याय नाही. मी रंगापेक्षा वेल्डिंग बघितलं. कोपऱ्यातल्या सांध्यांवर, जिथे टॉर्च नीट पोचत नाही तिथे, वेल्डिंगचे मणी एकसारखे आहेत का? सीटबेल्टच्या आणि सस्पेन्शनच्या ब्रॅकेट कारखान्यातच वेल्ड केलेल्या आहेत का? घरी वेल्डिंग लागेल असं किट नवख्याने घेऊ नये, मग ते कितीही स्वस्त असो. मी तयार गाडीत बसले. पेडलची पेटी इतकी अरुंद असते की रुंद बुटाने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबले जातात. माझी उंची बेताची, नवरा सहा फुटी. एकाच गाडीत दोघांना बसायचं, म्हणून सरकणारी सीट मागितली आणि तिच्यावर बसून त्याचे गुडघे स्टीअरिंगला लागत नाहीत ना हे तिथेच पाहिलं. ज्यांची गाडी बांधून झाली आहे अशा मालकांचे फोन नंबर मागा. जी कंपनी आनंदाने देते, तिच्याकडे पुढेही फोन उचलला जातो.

किटची किंमत म्हणजे एकूण खर्च नव्हे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. माझ्या हिशेबात किट निम्म्याच्या आसपास आलं. उरलेलं डोनर, टायर, बुश, बेअरिंग, ब्रेकचे नवे भाग, हत्यारं, तपासणी आणि विमा यांत गेलं.

बांधणीतले सगळे टप्पे लिहीत नाही. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे सीलंट लावून रिव्हेटने बसवणं हे सर्वांत आनंदाचं काम. दोघांनी मिळून करावं, एकाने पत्रा धरावा, दुसऱ्याने रिव्हेट मारावे. ब्रेकच्या तांबं-निकेलच्या नळ्या वाकवून त्यांची टोकं फ्लेअर करणं, म्हणजे फुलवणं, हाताला लवकर येतं, पण टाकाऊ तुकड्यांवर भरपूर सराव करून मगच खरी नळी हातात घ्यावी. सर्वांत किचकट काम वायरिंगचं. एमएक्स-५ च्या वायरिंगच्या जुडग्यातून काचा, मागची काच गरम करणारी तार, दारातले दिवे यांच्या वायरी काढून टाकायच्या आणि बाकीचं शाबूत ठेवायचं. कापण्याआधी प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावली, तेव्हाच पुढचं निभावलं. कूलिंगच्या पाण्याची टाकी रेडिएटर आणि इंजिनपेक्षा उंच बसली पाहिजे, नाहीतर हवा अडकते आणि इंजिन तापतं. बाबा व्हिडिओ कॉलवरून बघायचे आणि दर वेळी एकच सांगायचे, “बोल्ट सांगितलाय तेवढाच आवळ बाळा, ताकद दाखवू नकोस.” टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोराइतकंच आवळू देणाऱ्या पान्याने) आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर मी पिवळ्या रंगाची रेघ मारली. ती रेघ सरकलेली दिसली की बोल्ट सैल झाला. आजही दर महिन्याला खाली वाकून त्या रेघा बघते.

मग आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी. ही पास झाल्याशिवाय नोंदणी नाही. इथे चांगल्या किटची किंमत कळते. बाहेरून हात लागेल अशी कुठलीही धार २.५ मिलिमीटरपेक्षा कमी गोलाईची चालत नाही, म्हणून कडांना रबर आणि नटांना टोप्या. आवाजाची मर्यादा ९९ डेसिबल. ब्रेक मारल्यावर मागची चाकं पुढच्यांच्या आधी अडकलेली चालत नाहीत. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवायचा नाही. आणि या जातीच्या गाड्या ज्यात हमखास अडकतात ती परीक्षा: सावकाश चालत्या गाडीत स्टीअरिंग वळवून सोडलं की ते आपोआप मध्याकडे यायला हवं. गाडी हलकी, पुढे वजन कमी, त्यामुळे ते आळसावतं. कॅस्टर आणि टो हे पुढच्या चाकांचे कोन आणि टायरमधली हवा यांचा मेळ घालावा लागतो. माझ्या किटवाल्यांनी या मापांचा तक्ताच दिला होता, आणि कुठल्या कडेला कुठलं रबर लावायचं तेही. किट घेण्याआधी “तुमच्या किती गाड्या आयव्हीए पास झाल्या आणि तुम्ही त्यात काय मदत करता?” हे नक्की विचारा.

आता चालवण्याबद्दल. एमएक्स-५ चं वजन टनाच्या आसपास, माझी गाडी त्याच्या साधारण साठ टक्के. तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स, पण दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की ती जी सुटते! आणि वेगापेक्षाही सुंदर आहे ते वळण. आपण पुढच्या चाकांना वर-खाली होताना बघत असतो, रस्त्यावरची खडी स्टीअरिंगमधून तळहाताला कळते. पीक डिस्ट्रिक्टच्या अरुंद, चढ-उताराच्या रस्त्यांवर ताशी ४० मैलांनाच मन भरतं. टायरमध्ये मी १८ ते २० पीएसआय हवा ठेवते. नेहमीच्या गाडीइतकी भरली तर ती खड्ड्यांवर उड्या मारते आणि पकडही जाते.

मोटरवेवर मात्र नको. सत्तरच्या वेगाला वाऱ्याने बोलणं ऐकू येत नाही आणि आपले डोळे ट्रकच्या चाकाच्या आसाच्या पातळीवर असतात. एअरबॅग नाही, एबीएस नाही, ब्रेकला सर्वो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारी सोय, नाही. पेडल जोर लावून दाबावं लागतं. हे सगळं मान्य करूनच बसायचं, आणि पाहुण्यांनाही बसवण्याआधी सांगायचं. सायलेन्सर डाव्या बाजूने बाहेरून जातो, म्हणजे शेजारच्या माणसाच्या उतरण्याच्या बाजूला. जाळी लावलेली आहे, तरी तापतो. आई आली होती तेव्हा साडी बदलून सलवार-कमीज घालूनच बसली, आणि डोंगराचा रस्ता संपेपर्यंत हसत होती. पावसाचं छत आहे, पण ते लावून आत शिरणं हा व्यायाम आहे, मी आकाश बघूनच निघते. कुलूप नाही, डिकी नावापुरती, त्यामुळे बाजारहाटाला ही गाडी नाही. विमा किट-कारचा वेगळा घेतला, गाडीची किंमत आधी ठरवून आणि वर्षाच्या मैलांवर मर्यादा घालून. तो मला परवडणारा निघाला.

पुण्या-कोल्हापुरातले मित्र विचारतात, हे आपल्याकडे करता येईल का? रस्त्यावर चालवण्यासाठी, आज तरी नाही. भारतात गाडीच्या नमुन्याला मान्यता लागते. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था ती तपासणी करतात, पण ती वाट उत्पादकांची आहे. घरी बांधलेल्या एकट्या गाडीसाठी आयव्हीएसारखी सोय नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ रचनेपासून वेगळे बदल वाहनात करता येणार नाहीत. खाजगी ट्रॅकपुरती बांधायची असेल तर गोष्ट निराळी, आणि तेवढं करू शकणारे वेल्डर-फिटर आपल्याकडे नक्कीच आहेत. मला मनापासून वाटतं की एकेका गाडीच्या तपासणीची अशी सोय आपल्याकडेही व्हावी. उद्यमनगरातल्या कितीतरी हातांना त्यात काम आणि आनंद दोन्ही मिळेल.

जे इथे, ब्रिटनमध्ये, विचार करताहेत त्यांना शेवटचं एक. पहिल्या दिवसापासून प्रत्येक पावती आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो एका फाइलीत ठेवा. नोंदणी खातं ते मागू शकतं, विमावाले बघतात, आणि कधी गाडी विकायची झाली तर घेणारा चेसिसइतकीच ती फाइल चाळतो. माझी फाइल गॅरेजच्या फळीवर आहे. गाडी बघायला यायचं असेल त्यांनी रविवारी सकाळी या, पाऊस नसेल तर एक फेरी नक्की.