घोड्याच्या डॉक्टरांची घरी येऊन तपासणी, कोल्हापूर : कमी वयाचं जनावर असेल तर करून घ्याच

कोल्हापुरात म्हशीचा डॉक्टर गावोगावी मिळतो, घोड्याचा मात्र शोधायला लागतो, म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितोय, ज्यांच्या दारात घोडं आहे त्यांना उपयोग होईल. सर्व्हिस अशी की डॉक्टर आपल्या तबेल्यावर येतात, जनावर उभं असताना बघतात, चालवून बघतात, रपेट झाल्यावर परत तपासतात. फी गाईम्हशीच्या व्हिजिटपेक्षा बरीच जास्त आहे, येण्याजाण्याचे पैसे वेगळे. तरी माझ्या मते पैसे वसूल.

आमची घोडी काठेवाडी, चार वर्षांची व्हायचीय अजून, सारंगखेड्याच्या बाजारातनं आणलेली. तबेला वडणग्याच्या बाजूला. पोरगी बसते तिच्यावर, सकाळी शेताच्या रस्त्यानं रपेट, कधीतरी जोतिबाच्या पायथ्यापर्यंत. उन्हाळा लागल्यापासनं घोडी बदलली होती, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळायला गेलं की कान मागं टाकायची, चंदी (दाण्याचा खुराक) अर्धी ठेवायची, सपाट रस्त्यावर ठेचकाळायची, लगाम लागला की डोकं झटकायची. बघणारे सगळे एकच सांगत होते, तरणी आहे, मस्ती आलीय, चार दिवस जोरात पळवा म्हणजे सरळ येईल. मला ते काही पटेना, म्हणून डॉक्टरांना फोन केला.

आल्या आल्या त्यांनी घोडीला हातच लावला नाही आणि हे मला सगळ्यात आवडलं. लांब उभं राहून नुसतं बघत होते. मागचा पाय आलटून पालटून ढिला सोडून घोडं उभं राहतं ते आरामात असतं, पण पुढचा पाय पुढं टाकून त्याच्यावर भारच देत नसेल तर तिथं दुखतंय समजायचं. मग कडक रस्त्यावर दुडकी चालीनं पळवली आणि पोरीला सांगितलं, पायाकडं बघू नको, डोक्याकडं बघ. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडं डोकं वर उचलतं, चांगला पाय टेकला की खाली घेतं. आमची सरळ चालत होती, म्हणजे पायाचा विषय संपला.

नंतर आकडे. पूर्ण वाढलेल्या घोड्याचे आरामात असताना ठोके मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, अंगाचं तापमान साधारण ९९ ते १०१ फॅरनहाइट, कमी वयात सगळं थोडं वरच्या बाजूला. ठोके जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून मोजायचे, नाहीतर डाव्या कोपराच्या मागं स्टेथोस्कोप लावून १५ सेकंद मोजून चारनं गुणायचे. हिरडी अंगठ्यानं दाबून सोडली की दोन सेकंदाच्या आत परत गुलाबी व्हायला पाहिजे. पोटाला दोन्ही बाजूनं कान लावायचा, गुडगुड येत असेल तर ठीक, एकदम शांत असेल आणि लीद नसेल, घोडं वळून वळून कुशीकडं बघत असेल, पायानं जमीन उकरत असेल तर ताबडतोब फोन. हे सगळं पोरीकडनं करून घेतलं त्यांनी, स्वतः नुसतं शेजारी उभे होते. आपल्या घोडीचं रोजचं नॉर्मल काय ते वहीत लिहून ठेवा, बिघाड त्याच्यावरनंच कळतो, हे त्यांनी फार कळकळीनं सांगितलं.

थकवा कसा ओळखायचा हा भाग मला नवीन होता. घाम किती आला यापेक्षा ठोके किती लवकर खाली येतात ते बघायचं. लांब पल्ल्याच्या एन्ड्युरन्स शर्यतीत आंतरराष्ट्रीय नियमानं ठोके ६४ च्या आत आल्याशिवाय घोड्याला पुढं सोडत नाहीत, मग आपल्या साध्या रपेटीनंतर १०-१५ मिनिटांत ६० च्या आत यायलाच पाहिजेत. श्वास ठोक्यांपेक्षा जास्त चालत असेल तर अंगातली उष्णता बाहेर पडत नाहीये. अशा वेळी सावलीत घ्यायचं, गार पाणी ओतत राहायचं, प्यायलाही द्यायचं. आपल्याकडं गरम घोड्याला पाणी दाखवायचं नाही असं म्हणतात, त्यावर ते स्पष्ट बोलले की तहानलेलं ठेवणं जास्त वाईट, आणि घोड्याच्या घामातनं मीठ खूप जातं म्हणून तबेल्यात मिठाचा खडा पाहिजेच. रपेटीनंतर मागचा भाग आखडला आणि लघवी कॉफीसारखी गडद आली तर घोड्याला एक पाऊलही चालवायचं नाही, स्नायूंचं दुखणं असतं ते.

आमच्या घोडीचं दुखणं निघालं तोंडात. या वयात दुधाचे दात पडत असतात, समोरचे अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या आसपास, आणि दाढांवर जुन्या दाताची टोपी अडकून बसते. एक तशी हलत होती, ती काढली. शिवाय खोगीर मानेच्या मागच्या उंचवट्याजवळ दाबत होतं, बोट फिरवलं की घोडी अंग चोरायची. पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते, त्यामुळं ओझ्याबद्दल त्यांनी कडक सांगितलं, मोठ्या घोड्यालाही खोगिरासकट वजनाच्या २० टक्क्यांच्या वर नको, म्हणजे तीनशे किलोच्या घोडीला साठ किलो, आणि कमी वयात त्याहून कमी. आमच्या घरात पोरगी सोडून कुणीच त्यात बसत नाही, त्यामुळं पाहुण्यांना बसवून फोटो काढणं तेव्हापासनं बंद.

रक्त पण घेतलं, सर्राच्या तपासणीसाठी. मोठ्या चावऱ्या माशांमुळं पसरणारा आजार आहे, ताप येतो जातो, खाऊनपिऊन घोडं वाळतं, पोटाखाली आणि पायांवर सूज येते. म्हशीच्या अंगात तो काही न दाखवता राहू शकतो आणि आमच्या तबेल्याला लागूनच गोठा आहे, त्यामुळं ही टेस्ट मला फार महत्त्वाची वाटली. रिपोर्ट चांगला आला.

खटकलेल्या गोष्टी पण सांगतो. दिलेल्या वेळेपेक्षा खूप उशिरा आले, फोन दिवसा लागत नाही, आणि कागदावर जे लिहून दिलं ते इंग्रजीत आणि घाईचं, मोतद्दाराला (घोडीची देखभाल करणाऱ्याला) त्यातलं काही कळलं नाही, आम्ही परत मराठीत लिहून भिंतीला लावलं. एवढी फी घेताय तर मराठीत एक छापील कागद द्यायला पाहिजे.

घोडी आता चंदी संपवते आणि तंग आवळताना शांत उभी असते.

बोलावणार असाल तर ऊन चढायच्या आतली वेळ मागा, त्याआधी रपेट करू नका म्हणजे आरामातले ठोके नीट मिळतील, कडक सपाट रस्ता जवळ असू द्या, नेहमीचं खोगीर लगाम काढून ठेवा. आणि रोज खरारा करणारा माणूस त्या वेळी हजर पाहिजे, चंदी कधीपासनं सोडली, लीद कशी होती हे डॉक्टर त्यालाच विचारतात.