मफलर पॅकिंग: चार प्रकारची लोकर, आणि खानापूरच्या चिखलात टिकते ती कोणती

‘गाडी लई ओरडूलालीया, पण वढत न्हाई.’ ही तक्रार घेऊन डर्ट बाइक आली, तर आधी एअर फिल्टर उघडावा. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडची तांबडी धूळ उन्हाळ्यात पिठासारखी उडते, आणि ती फोमवर बसली की इंजिनाला श्वास पुरत नाही. फिल्टर स्वच्छ निघाला तर बेंड पाइप (इंजिनातून धूर बाहेर आणणारी वाकडी नळी) आणि सायलेन्सरच्या सांध्यावर काजळीचा पट्टा आहे का ते बघावं. तिथंही काही नसेल तर मात्र संशय मफलरच्या, म्हणजे सायलेन्सरच्या पॅकिंगवर, आत भरलेल्या लोकरीवर. हा क्रम सोडणारे उगाच रिव्हेट फोडत बसतात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकू. एक्सपल्स किंवा हिमालयनसारख्या पासिंगच्या, म्हणजे रस्त्यावर चालवायला नोंदवलेल्या गाड्यांचा कंपनीचा सायलेन्सर आतल्या कप्प्यांवर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर चालतो. तो कापून त्यात लोकर कोंबायला जाऊ नये. पॅकिंग बदलायचं ते केएक्स, आरएम-झेड, एसएक्स-एफ यांसारख्या ट्रॅकच्या गाड्यांचं, नाहीतर बाहेरून बसवलेल्या आरपार सायलेन्सरचं. अशा डब्यात मधून भोकांची नळी जाते, तिला इथं सगळे जाळीच म्हणतात. जाळी आणि डबा यांच्यामधली जागा काचेच्या लोकरीनं भरलेली असते. आवाजाची लाट भोकांतून लोकरीत शिरते, तंतूंशी घासून तिची उष्णता होते, आणि मुख्य झोत सरळ बाहेर जातो.

लोकर नवी घातली म्हणून इंजिनाची ताकद वाढत नाही, गेलेली परत येते एवढंच. लोकर जळून पोकळी झाली की जाळीतून जाणारा वायू भोकांतून बाजूला पसरतो, डब्यात घुमतो, आणि पाइपच्या लांबीनुसार इंजिनाकडे परतणाऱ्या दाबाच्या लाटा बोथट होतात. फटका बसतो तो खालच्या आणि मधल्या रेसला. चढावर अर्ध्या रेसवर गाडी ढिली वाटते, पूर्ण रेस दिली की फरक फारसा कळत नाही. म्हणून अनेकांना पॅकिंग गेलंय हेच कळत नाही. उलट आवाज वाढल्यामुळे गाडी जास्त पळते असा भास होतो. सायलेन्सरची पुंगळी (आवाज दाबणारा आतला भाग) काढलेल्या बुलेटवाल्यांचा गैरसमज हाच. केटीएमच्या मॅन्युअलमध्येही हे लिहिलेलं आहे, की तंतू निघून गेले की आवाज तर वाढतोच, शिवाय इंजिनाचा स्वभावही बदलतो.

आता बेळगाव भागात काय मिळतं ते.

पहिली, बॉयलरची लोकर. निपाणी, चिकोडी, संकेश्वर पट्ट्यात साखर कारखाने आहेत, त्यामुळे वाफेच्या पाइपाला गुंडाळायची ग्लास वूल (काचेची लोकर) किंवा रॉकवूल (दगडाची लोकर) कुणाकडे ना कुणाकडे उरलेली असतेच. फुकटात मिळते, पण सायलेन्सरला कवडीच्या कामाची नाही. तिचे तंतू आखूड असतात आणि चिकट रेझिननं एकमेकांना धरलेले असतात. अडीचशे अंशांच्या आसपास रेझिन जळतं, मग तंतू मोकळे होतात आणि प्रत्येक स्फोटाबरोबर थोडे थोडे बाहेर पडतात. ‘रॉकवूल तर जास्त उष्णता सोसते’ असं कुणी म्हणेल, आणि ते खरंही आहे. पण सायलेन्सरातली लोकर नुसत्या उष्णतेनं मरत नाही. झोताच्या धक्क्यांनी आणि कंपनानं ती पिंजली जाते, आणि तिथं रॉकवूल लगेच भुगा होते. पहिल्या दोन-तीन फेऱ्या गाडी छान गप्प चालते. फसवणूक होते ती तिथंच.

दुसरी, फायबरच्या टाक्या बनवणाऱ्यांकडची चॉप्ड स्ट्रँड मॅट. तिच्यात तंतूंचे दोन इंचांच्या आसपासचे तुकडे असतात, आणि तेही बाइंडरनं, म्हणजे डिंकासारख्या लेपानं चिकटवलेले. बॉयलरच्या लोकरीपेक्षा बरी, एवढंच.

तिसरं, त्याच दुकानातलं सुटं रोव्हिंग, म्हणजे ई-ग्लासचा (काचतंतूंचा एक प्रकार) अखंड दोर रिळावर गुंडाळलेला. माल चांगला आहे आणि आयात पाकिटाच्या मानानं अगदी स्वस्त. तंतू अखंड असल्यामुळे तो भोकांतून सहज निसटत नाही. ई-ग्लास मऊ पडायला साडेआठशे अंशांच्या जवळपास तापमान लागतं, सायलेन्सरातला वायू साधारणपणे त्याच्या बराच खाली राहतो. खोट एकच. दोर दाबलेला, चपटा असतो. तसाच गुंडाळला तर तो नुसता दोर राहतो, लोकर होत नाही, आणि आवाज गिळत नाही. हातभर लांबीचे पेळे सोडवून, दात रुंद असलेल्या कंगव्यानं फुलवावे लागतात. तासभराचं खाजरं काम.

चौथी, तयार शिवलेली उशी. आत फुलवलेले लांब तंतू, बाहेर जाळीदार कापड, काहींत आतल्या बाजूला स्टेनलेस तारेचा थर. फोर-स्ट्रोकला, त्यातही ४५० सीसीच्या गाडीला, दुसरं काही घालू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तक्रार मापाची. ‘सगळ्या गाड्यांना चालते’ असं पाकिटावर असतं, पण एकाच्या डब्यात ती ढिली बसते आणि दुसऱ्याच्यात शिरतच नाही. म्हणून पाकीट फोडण्याआधी किती लोकर लागणार त्याचा हिशोब करावा.

हिशोब असा. गोल डब्याचा आतला व्यास ११ सेंटिमीटर, जाळीचा बाहेरचा व्यास ४.५ आणि लांबी ३० सेंटिमीटर असेल, तर मधली जागा सुमारे २.३७ लिटर भरते. लिटरला १२० ग्रॅम धरले तर २८५ ग्रॅम लोकर. लिटरला शंभर ग्रॅमच्या खाली गेलात तर लोकर आत हलते, स्वतःशीच घासते आणि काही तासांत उडते. दीडशेच्या वर ठासलीत तर तंतूंमधली हवा संपते. मग लाट शिरायला जागा नाही, आवाज टणक होतो आणि डबा जास्त तापतो. टू-स्ट्रोकचा डबा लहान असतो. आतला व्यास ८, जाळी ३ आणि लांबी २५ सेंटिमीटर असेल तर १३० ग्रॅम पुरतात. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा या कामाला उत्तम.

बसवताना पूर्ण बाह्या, हातमोजे, मास्क. खाज सुटली तर थंड पाण्यानं धुवावं, गरम पाण्यानं नव्हे. ४.८ मिलिमीटरच्या रिव्हेटचं डोकं ५च्या बिटनं उडवायचं, बिट डब्यात खोल जाऊ द्यायचा नाही. टोपण अडकलं तर रबरी हातोडीनं फिरवून फिरवून ठोकायचं. जाळी बाहेर आली की ती उजेडाकडे धरून बघायची. टू-स्ट्रोकच्या जाळीत निम्मी भोकं तेलकट कार्बननं बुजलेली असतात. तशीच ठेवून नवी लोकर घालणं म्हणजे पैसे वाया. लोखंडी जाळी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवली तर कार्बन सुटतो. ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग मात्र कॉस्टिकमध्ये घालू नये, तो विरघळतो. वेल्डजवळ तडा दिसला तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टिग वेल्डिंग करून घ्यावं, चेंबटलेली जाळी सरळ करून घ्यावी.

फोर-स्ट्रोकला जाळीवर पहिला थर स्टेनलेस तारेचा. खरा झोत तोच सोसतो, काच मागं सुरक्षित राहते. काहीजण भांड्यांची तारेची घासणी उलगडून गुंडाळतात. चालतं, पण ती खरंच स्टेनलेस हवी. लोहचुंबकाची परीक्षा इथं भरवशाची नाही, काही स्टेनलेसलाही चुंबक चिकटतं. मिठाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी पाणी तांबूस झालं तर ती भांड्यांकडेच परत पाठवा.

त्यावर लोकर सारख्या जाडीनं, मधे कुठं उघडं न ठेवता. वरून मास्किंग टेपचे चार वेढे, म्हणजे डब्यात सरकवताना लोकर मागं ढकलली जात नाही. टेप पुढं आत जळून जाते. टोपणाच्या कडेला उच्च तापमानाचं सिलिकॉन, रिव्हेट खिळ्यासकट स्टेनलेसचे. साध्या रिव्हेटचा आतला लोखंडी खिळा खानापूरच्या एका पावसाळ्यात गंजतो. सिलिकॉन एक दिवस वाळू द्यावं. पहिल्यांदा चालू केल्यावर दहा मिनिटं टेपचा आणि तंतूंवरच्या लेपाचा धूर येतो, घाबरायचं कारण नाही. रेस सोडल्यावर फटाके वाजत असतील तर ते बहुतेक वेळा पॅकिंगमुळे नव्हे, सांध्यातून हवा ओढली जात असल्यामुळे. पुन्हा पॅकिंग उपसायच्या आधी सांधा तपासा.

किती चालतं? ट्रॅकवर सतत पूर्ण रेसनं ठोकलेल्या ४५०ला १५-२० तासांनी उघडून बघावं, आरामात फिरवणाऱ्याला ३०-४० तास मिळतात. टू-स्ट्रोकमध्ये लोकर उडत नाही, तेलानं भिजून काळी, जड होते. रिव्हेटच्या कडेनं काळे ओघळ आले की समजायचं. डब्यावरचा स्टिकर करपणं, आवाज रिकाम्या पिंपासारखा होणं, नळीच्या तोंडाशी पांढरे तंतू दिसणं, ही बाकीची लक्षणं.

पाण्यानं काचेची लोकर बिघडत नाही, गाळानं बिघडते. ओढ्यात गाडी पडली आणि तांबडा गाळ आत गेला तर तो लोकरीत वाळून विटेसारखा बसतो. प्रेशर वॉशरखाली गाडी घेताना सायलेन्सरच्या तोंडाला रबरी बूच लावलंच पाहिजे. ते विसरणारेच नंतर लोकरीच्या कंपनीला शिव्या घालतात.

रस्त्यावर चालवायच्या गाडीला आरपार सायलेन्सर लावला तर नवी लोकर घालूनही मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली दंड होऊ शकतो. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर अशी गाडी नेऊच नये, मग ती कितीही गप्प असो.

बंद केलेल्या डब्याचं एकूण वजन आणि तारीख टोपणाच्या बाहेरच्या बाजूला मार्करनं नव्हे, खिळ्यानं कोरून ठेवा. मार्कर दुसऱ्याच दिवशी जळतो. पुढच्या वेळी डबा पुसून, वाळवून काट्यावर ठेवायचा. शंभर ग्रॅम घटले असतील तर रिव्हेट फोडा, वीसच घटले असतील तर पुन्हा बसवून जा फिरायला. टू-स्ट्रोकला उलटं, तिथं वजन वाढलेलं दिसेल.